तीस दिवसांची झाडलोट

१

सोमवारी सकाळी साडेदहाला सोमनाथनं संगणक उघडला, तेव्हा चारशे बारा फोटोंपैकी अकराच जागेवर होते. त्यानं आधी चष्मा पुसला, मग संगणकाची काच पुसली आणि मग मालकाला हाक मारली.

फोटो कसले, तर कोकरांचे. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ज्याची कोकरं त्याला येत नाही. क्रांती चौकाजवळ, खाली सायकलींचं दुकान आणि दुसऱ्या मजल्यावर चार टेबलं, एवढीच ही कंपनी. तिचं 'कळप' नावाचं एक मोबाईल अॅप होतं. पाचोडच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी आपल्या जनावराचा फोटो काढायचा, की त्याचं वय, लस, कानाची खूण, सगळं त्या फोटोखाली नोंदलं जायचं. जनावर चोरीला गेलं आणि कुठल्या बाजारात दिसलं, तर हाच फोटो दाखवून ते आपलं म्हणता यायचं. फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पोचला की फोनमधला आपोआप पुसला जाई, कारण या लोकांचे फोन जुने आणि त्यात जागा कमी. म्हणजे सर्व्हरवरून जो गेला, तो कायमचा गेला.

मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात आणि जूनच्या तोंडाला गावी परततात. वाटेत फोटो काढत राहायचे आणि गावी आल्यावर ग्रामपंचायतीच्या फुकटच्या वायफायवर सगळे एकदम पाठवायचे, असा त्यांचा शिरस्ता. या शनिवारीही बारा कुटुंबं पंचायतीच्या पायऱ्यांवर बसली आणि फोटो धाडून मोकळी झाली.

मालक इंद्रजीत मूळचा जमीनदार घरातला, पण डोकं यंत्रात. त्यानं सर्व्हरची नोंद तपासली. फोटो आले शनिवारी अकरा चाळीसला. पुसले गेले सव्वाबारा वाजता. आणि पुसणाऱ्याच्या जागी नाव होतं सुकेशनीचं.

सुकेशनी त्याच्या सर्व्हरची राखणदार. वय चोवीस, बाप मल्हारराव मेंढपाळ. त्यांच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी ती पहिलीच. इंद्रजीतनं तिला विचारलं तर ती म्हणाली, मी काहीच केलं नाही. मंगळवारी सकाळीही तेच म्हणाली. तेव्हा इंद्रजीतनं तिला संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली. काय केलं ते खरं लिहून दे, नाहीतर नोकरी सोड. एवढ्यावर न थांबता त्यानं तिच्या वडिलांनाही फोन करून सगळं कानावर घातलं. तो फोन त्यानं केला नसता तर फार बरं झालं असतं.

२

त्यानं दुसरा फोन केला तो मंजुषाबाईंना. पॉलिटेक्निकच्या संगणक प्रयोगशाळेत बाईंनी एकतीस वर्षं काढली होती. इंद्रजीत तिथलाच विद्यार्थी, सुकेशनीही तिथलीच. निवृत्तीनंतर बाई पुंडलिकनगरात राहत, शब्दकोडी सोडवत आणि गुडघ्यांना शिव्या घालत. त्या दिवशी दोन मजले चढून आल्यावर त्यांनी पहिलं पाणी मागितलं आणि दुसरं, लिफ्ट नसलेल्या जागेत कंपनी काढणाऱ्याचं काय करावं, असं विचारलं.

इंद्रजीतनं विषय टाळला. "मॅडम, तुम्ही विचारलंत तर ती बोलेल. चूक झाली असेल तर मी समजून घेईन. पण खोटं बोलतेय, ते मला सहन होत नाही."

"तुला इतकी खात्री कशी?"

त्याची खात्री मात्र नीट बांधलेली होती. कंपनीत एक सामायिक फाईल होती. तिला सगळे 'शिदोरी' म्हणत. कोड पुन्हा पुन्हा नव्यानं कोण लिहीत बसणार? म्हणून सर्व्हर राखायचे, अॅप घडवायचे असे उपयोगी तयार तुकडे त्या फायलीत साठवलेले. ज्याला जो लागेल तो त्यानं उचलावा आणि आपल्या कामात चिकटवावा. त्यातलाच एक तुकडा होता 'झाडलोट'. आलेले फोटो आधी सर्व्हरच्या एका कप्प्यात थांबायचे, त्याचं नाव ओसरी. सोमनाथ ते पाहून पसंत करायचा आणि मग ते आत माजघरात जायचे. जे धूसर, दुबार, नकोसे, ते ओसरीवरच पडून राहत. तर दर तासाला, सव्वाच्या ठोक्याला, ओसरीतल्या तीस दिवसांहून जुन्या फायली शोधून पुसायच्या, एवढंच झाडलोटीचं काम. ती सुकेशनीनं दीड वर्षापूर्वी बसवली, म्हणून तिच्या नावानं चालायची.

"म्हणजे पुसलं झाडलोटीनं," बाई म्हणाल्या.

"हो, पण ती तीस दिवसांहून जुनंच पुसते. हे फोटो येऊन पस्तीस मिनिटं झाली होती. म्हणजे कुणीतरी तीसच्या जागी शून्य केलं, सगळं पुसलं गेल्यावर परत तीस केलं. आणि तो आकडा बदलायचा हक्क एकट्या सुकेशनीला आहे."

बाईंना यात बोट घालायला फट दिसेना. गेल्या वर्षी हीच झाडलोट होती, हेच मेंढपाळ होते, तेव्हा काही झालं नव्हतं, हेही इंद्रजीतनं सांगून टाकलं.

"शनिवारी तर सुट्टी असेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. "ती सर्व्हरपाशी होती कुठं?"

इंद्रजीतनं एक ओळ दाखवली. शनिवारी दुपारी बारा वाजून दोन मिनिटांनी सुकेशनीनं घरून सर्व्हर उघडला होता. आणि हे तिनं दोन दिवसांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

३

चहाच्या ओट्यापाशी बाईंनी सुकेशनीला गाठलं. डोळे सुजलेले, पण मान ताठ. बाईंनी तिला फोटोंचं विचारलंच नाही. शनिवारी बारा वाजता काय करत होतीस, एवढंच विचारलं.

तिनं हातातला कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "बघत होते, मॅडम. आमच्या लोकांचे फोटो आले का ते. सुट्टीच्या दिवशी घरून सर्व्हर उघडायचा नाय, असा सरांचा नियम आहे. पण राहवलं नाय. मोजले. चारशे बारा. लई बरं वाटलं आणि बंद केलं."

"हे इंद्रजीतला का नाही सांगितलं?"

"आधी नियम मोडला म्हणून भ्याले. मग त्यांनी चोरासारखं विचारलं, तवा सांगावंसंच वाटेना."

बाईंना तिचं खरं वाटलं. पण आपल्याला खरं वाटण्यावर कोणी कुणाची नोकरी राखत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

सोमनाथनं मात्र स्वतःहूनच सगळं ओकलं. त्याचं शेत पाचोडजवळच. दोन वर्षांपूर्वी कडूबा नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्यांनी त्याचा हरभरा फस्त केला होता. त्यावरून बाचाबाची झाली, ती गावभर माहीत. शिवाय सुकेशनीचा पासवर्ड कागदावर लिहून तिच्याच टेबलाला चिकटवलेला. म्हणजे संशय घ्यायचा तर माझ्यावरही घ्या, असं तो म्हणाला. शनिवारी मात्र तो मेव्हण्याच्या साखरपुड्यात पंगतीत वाढत होता, आणि त्याला साक्षीदार दोनशे. "आणि मॅडम, मी चिडलो तर कडूबाशी भांडीन, त्याच्या कोकरांशी माझं काय वाकडं?"

मग तो नोंदी दाखवू लागला. गेल्या वर्षीची मल्हाररावांची यादी उघडली आणि त्याला हसू फुटलं. पस्तीस कोकरं, आणि सगळ्यांची जन्मतारीख एकच, सात जून. "सगळी एका दिवशी पडलीत बघा आभाळातून. गावात लई चेष्टा झाली होती." बाईही हसल्या, पण यादीवरची त्यांची नजर हटली नाही.

राहिली अपेक्षा. मोबाईलमध्ये चालणारं अॅप ती घडवते, आणि सुकेशनी नि ती एकाच खोलीत राहतात. ती तर रडायलाच लागली. सुकेशनी असं करणार नाही, जानेवारीत मी तिच्याबरोबर वाड्यावर, म्हणजे त्यांच्या कळपाच्या मुक्कामावर, गेले होते, तिच्या आप्पांनी मला कोकरू मांडीवर दिलं होतं, असं सगळं एका दमात सांगून गेली. सर्व्हरमधलं तिला काही कळत नाही, तिथं ती कधी हात लावत नाही. तिचं काम फोन ते सर्व्हर, तिथंच संपतं.

तिघांशी बोलून बाईंच्या हाती काही आलं नाही. तेव्हा त्यांनी नेहमीचं केलं. गेलेलं सोडून दिलं आणि राहिलेलं बघायला घेतलं.

४

अकरा फोटो राहिले होते. नऊ कस्तुराबाई नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळणीच्या कोकरांचे, दोन कडूबाच्या. कडूबाचे एकूण एकोणचाळीस आले होते, त्यातले सदतीस गेले आणि दोन वाचले. मुद्दाम पुसणारा माणूस दोनच कोकरांवर दया का दाखवेल, हे बाईंना समजेना. झाडलोट सगळं पुसायला बसली असेल, तर हे अकरा तिच्या हातून सुटले तरी कसे?

त्यांनी कस्तुराबाईंना फोन लावला. म्हातारी खणखणीत बोलत होती. वाटंनं मोबाईल काढायचा आणि चोराला दाखवायचा, असली कामं ती करत नाही. फोन संदुकीत घालून तिनं सगळा हंगाम काढला. शनिवारी घरी आली, दाराशी कोकरं उभी केली, नातसुनेनं फोटो काढले आणि तसंच पंचायतीत जाऊन पाठवले.

"आणि कडूबाची ती दोन कोकरं?" बाईंनी विचारलं. "एक काळ्या तोंडाचं आहे."

"ती व्हय? ती तर आत्ता वाटंतच झाली. गाव आठ-धा दिसांवर असताना."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या दोन फोटोंच्या नोंदी उघडल्या. एकावर तारीख होती अठ्ठावीस मे, दुसऱ्यावर तीस मे. दोन्ही फोटो सहा जूनच्याच शनिवारी आलेले. गेल्या वर्षीची पस्तीस कोकरं एका दिवशी आभाळातून पडली होती. या वर्षी मात्र प्रत्येक कोकराला आपापली तारीख होती. बाई खुर्चीत मागं टेकल्या आणि गुडघ्यांचं दुखणं पाच मिनिटं पार विसरल्या.

साडेतीनला जिन्यात जड वहाणा वाजल्या. मल्हारराव आले होते. डोईला पटका, अंगावर प्रवासाची धूळ. एका मेंढीचा पाय मोडला म्हणून ते शेवटच्या मुक्कामी मागं राहिले होते आणि काल घरी पोचले. सुकेशनी उठून उभी राहिली. ते तिच्याशी बोलले नाहीत, सरळ इंद्रजीतसमोर गेले.

"साहेब, काय लिहून पाहिजे ते मला सांगा. मी सही करतो. पोरीवर केस तेवढी करू नका."

इंद्रजीतला कुठं बघावं ते कळेना. तेवढ्यात अपेक्षाच्या लक्षात आलं, की मल्हारराव शनिवारी पंचायतीत नव्हतेच. त्यांचे फोटो अजून फोनमध्ये असणार. तिनं फोन बघितला. एकतीस कोकरं, सगळी शाबूत. इंद्रजीतचा चेहरा उजळला. निदान हे तरी वाचवू, असं म्हणत त्यानं फोन हातात घेतला आणि कंपनीच्या वायफायचा पासवर्ड टाकायला सुरुवात केली.

"थांब," मंजुषाबाई म्हणाल्या. "ते वायफाय लावलंस तर सव्वाचार वाजता हेही पुसले जातील. आणि आज आकडा कुणीही बदललेला नाही."

५

बाईंनी मल्हाररावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं की या एकतीस सोडून नकोसा असा एखादा फोटो फोनमध्ये आहे का. होता. जानेवारीत चुकून काढलेला, त्यांच्याच वहाणेचा.

अपेक्षानं बाकीचे फोटो आधी संगणकावर उतरवून घेतले. मग वहाणेचा तेवढा पाठवला. चार वाजून सहा मिनिटांनी तो ओसरीवर आला. इंद्रजीतनं स्वतः झाडलोट उघडून बघितली. तीस म्हणजे तीसच होते. सगळे संगणकाभोवती गोळा झाले, आणि वहाणेकडे इतक्या आदरानं बघत उभं राहण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. सव्वाचार झाले. फोटो गेला.

"हा तर नऊ मिनिटांचा होता," इंद्रजीत हळूच म्हणाला.

"तुझ्या लेखी. तू फोटो आला कधी ते मोजलंस. झाडलोट ते बघतच नाही, ती फायलीवर जी तारीख लिहिली असेल ती बघते. गेल्या वर्षी फाईल सर्व्हरवर आली की तिच्यावर त्या दिवसाची तारीख पडायची आणि अॅप तीच जन्मतारीख धरायचं, म्हणून सगळी कोकरं सात जूनची. या वर्षी फोटो काढल्याची तारीख फोनमधून जशीच्या तशी येते. अठ्ठावीस मे, तीस मे. आता सांग, हिवाळ्यात जन्मलेल्या कोकरांवर कुठली तारीख असेल?"

"जानेवारी," सोमनाथ म्हणाला. "डिसेंबर."

"म्हणजे आल्या क्षणी पाच-सहा महिन्यांची जुनी. झाडलोटीनं तिचं काम चोख केलं. कस्तुराबाईंचे फोटो त्याच दिवशीचे आणि कडूबाची दोन कोकरं आठवड्याची, म्हणून ती वाचली. शेतकऱ्यांचे फोटो रोजच्या रोज येतात, त्यांना कधी धक्काच लागला नाही. वाटेतले फोटो गावी आल्यावर एकदम पाठवणारे मेंढपाळच. तेवढेच सापडले."

सुकेशनी खाली बसली. दोन दिवस ताठ धरलेली मान आता तिला धरवेना, ती टेबलावर डोकं ठेवून रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

अपेक्षाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. शिदोरीतून फोटोची मूळ तारीख टिकवायचा तुकडा उचलून फेब्रुवारीत तो अॅपमध्ये तिनंच चिकटवला होता. सर्व्हरवर झाडलोट चालते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अॅपमध्ये तारीख बदलली हे तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही तुकडे शिदोरीत, वरखाली, चार ओळींच्या अंतरावर. "माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं होतं तारीख ठेवायला?" इंद्रजीतनं विचारलं. अपेक्षानं खाली बघितलं.

"मी," मल्हारराव म्हणाले. "जानेवारीत वाड्यावर आली तवा मीच म्हणलो, बाई, समदी कोकरं एकाच दिशी जन्मल्याली दावतंय तुमचं यंत्र, लोकं हासत्यात. ज्याचा त्याचा दीस राहू द्या."

बापानं मागितलं ते रास्त होतं, मैत्रिणीनं मायेनं दिलं, आणि सापडली ती लेक. यात गुन्हेगार शोधायचा तर बाईंनाही तो सापडला नसता, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

पण हानी झाली होती ती झालीच होती. कोकरांचे फोटो पुन्हा काढता येतील. कोणतं कोकरू कुठल्या मुक्कामी झालं, ते प्रत्येक मेंढपाळाला तोंडपाठ असतं, असं मल्हारराव म्हणाले. वाटेत कडूबाची तीन कोकरं चोरीला गेली होती, त्यांची खूण सांगणारे फोटो मात्र आता कुठंच नव्हते. ते कडूबाला जाऊन मी सांगीन, असं इंद्रजीत म्हणाला. मग तो सुकेशनीसमोर उभा राहिला. बोलायला त्याला जड जात होतं, पण तो बोलला.

"मी चुकलो. आधी तुझ्यावर विश्वास ठेवायचा आणि मग शोधायचं, तर उलटं केलं. तुझी जागा तुझीच आहे. राहशील का, ते तू ठरव."

तिनं डोळे पुसले. ती वडिलांकडे बघत होती. मल्हाररावांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता.

"सुके, ह्यांचा फोन आला तवा मी खरं मानलं," ते म्हणाले. "आसंल बी, म्हणलो. तुला इचारलं बी नाय."

"मला म्हाईत होतं, आप्पा. तुमचा फोन आला नाय, तवाच कळलं. सरांनी चोर म्हणलं त्याचं येवढं नाय लागलं."

मल्हारराव उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चुकलं माझं."

पाच वाजले. सुकेशनीनं संगणकासमोरची आपली खुर्ची ओढली, झाडलोट थांबवली आणि वडिलांची एकतीस कोकरं एकेक करून ओसरीवर घेतली. सव्वापाच झाले, तरी सगळी जागेवर होती. तेव्हा कुठं ती वळली.

"आप्पा, तुमची गाडी चुकंल. आईला सांगा, उद्या मी कामावर आहे. रविवारी येते."

"सांगतो," मल्हारराव म्हणाले. तिच्या खोलीतलं सामान भरून न्यायला म्हणून त्यांनी एक मोठी रिकामी पिशवी आणली होती. ती त्यांनी दाराशी उभ्या उभ्या घडी केली, बगलेत मारली आणि ते जिना उतरू लागले.